अटलांटिकपार विमानप्रवास : वरच्या वर्गाचे भाडे कोठे उतरते

हीथ्रोहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या एखाद्या विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांची तिकिटे पडताळून पाहिली, तर एकाने जाण्यायेण्याचे पाच-सहा हजार पौंड मोजलेले आढळतात आणि दुसऱ्याने त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आसन तेच, उशी तीच, जेवणही तेच. दुसऱ्याने कोणाचा वशिला लावलेला नसतो. त्याने प्रवास लंडनऐवजी डब्लिनहून सुरू केलेला असतो, आठवडा विचारपूर्वक निवडलेला असतो आणि तारीख बदलण्याचा हक्क आधीच सोडून दिलेला असतो.

हा फरक केवळ हौशी लोकांच्या कुतूहलाचा विषय नाही. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडनच्या परिसरात, स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांची एक शाखा तेथे आणि दुसरी न्यू जर्सीत किंवा टोरांटोत, अशी स्थिती आता नवलाईची राहिलेली नाही. नातवंडाच्या लग्नाला निघालेल्या, गुडघे धरलेल्या सत्तरीच्या आजीला रात्रभर ताठ बसवून नेणे आणि पाय पसरून झोपवून नेणे यांतील अंतर तिच्या पुढच्या चार दिवसांवर ठरते. ते अंतर परवडण्याजोगे कसे होते, हे कळण्यासाठी भाडी मुळात कशी ठरतात ते पाहावे लागते.

वर्गांची नावे आणि त्यांतील फसगत

उत्तर अटलांटिकवर १९५२ पर्यंत व्यवहारात एकच महाग वर्ग होता. त्या वर्षी ‘टुरिस्ट’ भाडे आले, १९५८ मध्ये ‘इकॉनॉमी’ आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जेट विमानांनी प्रवाशांना समुद्रपार नेण्यास प्रारंभ केला. पुढे पहिला वर्ग आणि सामान्य वर्ग यांच्या मधोमध बिझनेस क्लास बसला. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारे आसन मात्र ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये आणले. त्याआधी तेथेही प्रवासी आरामखुर्चीतच कलून झोपत असत. प्रीमियम इकॉनॉमीची कल्पना व्हर्जिन अटलांटिकने १९९२ मध्ये रुजवली.

आज ‘प्रीमियम’ या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. एक, पलंगासारखे सपाट होणारे आसन. दुसरी, थोडी रुंद, थोडी अधिक कलणारी खुर्ची. प्रीमियम इकॉनॉमी ही दुसऱ्या प्रकारात मोडते. आइसलँडएअरचा ‘सागा प्रीमियम’ हा त्या कंपनीचा सर्वांत वरचा वर्ग. सेवा उत्तम, परंतु आसन सपाट होत नाही. नॉर्स अटलांटिक या स्वस्त कंपनीचा प्रीमियम वर्गही खुर्चीचाच. भाडे कमी दिसले म्हणून आनंदून जाण्यापूर्वी आसन पूर्ण सपाट होते की नाही, हा एकच प्रश्न विचारला तरी निम्मी फसगत टळते. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दाखवलेला असतो. त्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर आसनरचना पाहता येते. लहान विमान म्हणजे हलकी सोय, हा समजही आता जुना झाला. एर लिंगस आणि टॅप एअर पोर्तुगाल यांच्या अरुंद ए-३२१एलआर विमानांत सोळा आसने पूर्ण सपाट होणारी आहेत.

एकाच आसनाची दहा भाडी

अमेरिकेत १९७८ साली हवाई वाहतूक निर्बंधमुक्त झाल्यानंतर अमेरिकन एअरलाइन्सने ज्या पद्धतीला आकार दिला, तिला ‘यील्ड मॅनेजमेंट’ म्हणजे उत्पन्नाचे व्यवस्थापन म्हणतात. तिचे तत्त्व थोडक्यात असे, की उड्डाण निघून गेले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. म्हणून ते आसन कोण, किती उशिरा आणि किती गरजेने विकत घेईल, याचा अंदाज बांधून भाडे ठरवले जाते. बिझनेस क्लासची सारी आसने जे, सी, डी, आय, झेड अशा अक्षरांच्या कप्प्यांत विभागलेली असतात. कोणत्या अक्षराचा अर्थ काय, हे कंपनीगणिक बदलते. तत्त्व मात्र सर्वत्र एक. वरच्या कप्प्यातील तिकीट आदल्या दिवशीही रद्द होते व पैसे परत मिळतात. तळाच्या कप्प्यातील तिकीट कित्येक आठवडे आधी घ्यावे लागते, जाण्यायेण्याचे मिळून घ्यावे लागते, मुक्कामात बहुधा शनिवारची रात्र यावी लागते आणि पैसे परत मिळत नाहीत.

शनिवारच्या रात्रीची अट पाहून हसू येते, पण ती फार जुनी आणि चतुर आहे. कंपनीच्या खर्चाने जाणारा अधिकारी शुक्रवारी घरी परततो. स्वतःच्या पैशाने जाणारा माणूस नातलगांकडे रविवार काढतो. एका अटीत दोन्ही ग्राहक वेगळे होतात. स्वस्त भाडे शोधणे म्हणजे विमान कंपनीला आपण दुसऱ्या प्रकारचे ग्राहक आहोत हे पटवून देणे होय, आणि लग्नाला निघालेल्या कुटुंबाला ते सहज जमते. त्याची तारीख महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते. इथे खरा तोटा होतो तो ‘शेवटी स्वस्त होईल’ या आशेने थांबणाऱ्यांचा. अटलांटिकवर शेवटचे दोन आठवडे हे अधिकाऱ्यांच्या खरेदीचे असतात, आणि कंपन्या त्यांच्यासाठीच आसने राखून ठेवतात.

एकाच विमानाला अनेक नावे असतात, हेही लक्षात घेण्याजोगे. युरोपीय संघ आणि अमेरिका यांच्यातील खुल्या आकाशाचा करार मार्च २००८ मध्ये अमलात आला. त्यानंतर अटलांटिकवरील बहुतेक मोठ्या कंपन्या तीन गटांत एकवटल्या : ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया व अमेरिकन यांचा एक, लुफ्तान्सा, युनायटेड व एअर कॅनडा यांचा दुसरा, आणि एअर फ्रान्स-केएलएम, डेल्टा व व्हर्जिन अटलांटिक यांचा तिसरा. गटातल्या कंपन्या भाडी एकत्र ठरवतात, म्हणून त्यांच्यात आपापसांत स्पर्धा शोधणे व्यर्थ. तरीही एकाच उड्डाणाचे भाडे एकीच्या संकेतस्थळावर व दुसरीच्या संकेतस्थळावर निराळे दिसते, कारण कप्प्यांची नोंद तंतोतंत जुळत नाही. दोन्हीकडे पाहण्यास पाच मिनिटे लागतात.

प्रवास कोठून सुरू होतो

भाड्यात सर्वांत मोठी घट होते ती आरंभाचे शहर बदलल्याने. लंडन ही व्यापाऱ्यांची, वकिलांची, बँकांची नगरी. तेथून थेट न्यूयॉर्कला जाण्यासाठी चढे भाडे देणारे ग्राहक रोज मिळतात. डब्लिन, ऑस्लो, स्टॉकहोम, लिस्बन किंवा मिलान येथील ग्राहकाला मात्र आपल्या विमानात ओढण्यासाठी लंडनच्या कंपनीला सवलत द्यावी लागते, कारण त्याला मध्ये विमान बदलण्याचा त्रास आहे. परिणामी डब्लिनहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्याचे भाडे, त्याच विमानात लंडनला चढणाऱ्यापेक्षा पुष्कळदा कमी असते. प्रवास अधिक आणि पैसे कमी, हा उलटा हिशेब अटलांटिकवर अगदी नित्याचा आहे. सवलतीच्या काळात युरोपातल्या अशा शहरांतून बिझनेस क्लासचे जाण्यायेण्याचे भाडे साधारणपणे दीड ते दोन हजार युरोंच्या आसपास उतरते.

यात कराचाही मोठा हात आहे. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर १९९४ पासून एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचे शुल्क आहे. एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या दरांनुसार अमेरिकेला जाणाऱ्या इकॉनॉमीच्या प्रवाशामागे ते १०२ पौंड, तर त्यावरच्या कोणत्याही वर्गासाठी २४४ पौंड आहे. ‘कोणत्याही’ या शब्दावर जोर द्यावा लागतो. प्रीमियम इकॉनॉमीच्या खुर्चीलाही पलंगाइतकेच शुल्क पडते, त्यामुळे ब्रिटनहून निघताना हा मधला वर्ग वाटतो तितका स्वस्त राहत नाही. आयर्लंडने आपला असा कर २०१४ मध्येच रद्द केला. प्रवास डब्लिनला सुरू झाला आणि लंडनमधील थांबा चोवीस तासांच्या आत असला, तर एकाच तिकिटावरील त्या प्रवाशाला ब्रिटिश शुल्क लागत नाही. ब्रिटनच्या आतही एक अपवाद आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तरेतील इन्व्हर्नेस विमानतळावरून निघणाऱ्यांना या शुल्कातून सूट आहे, आणि एकाच तिकिटावर हीथ्रोमार्गे पुढे जाणाऱ्यालाही ती लागू पडते. फ्रान्सने मात्र २०२५ मध्ये आपला तिकीट-कर वाढवला असून वरच्या वर्गांवर तो अधिक ठेवला आहे.

डब्लिनचा आणखी एक लाभ असा, की तेथे आणि शॅननला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते. थेट उड्डाण घेतल्यास न्यूयॉर्कला उतरणारा माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. वृद्धांना रांगेतले दोन तास वाचतात. स्विंडनमधील गोमंतकीय कुटुंबात पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्यांना डब्लिनला जाण्यास व्हिसा लागत नाही. त्याच घरात कोणी भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याला आयर्लंडचा व्हिसा लागेल काय, हे तिकीट काढण्याआधी पाहणे अनिवार्य आहे. कुटुंबातील चौघे पुढे गेले आणि सून विमानतळावर अडली, असा प्रसंग ओढवायला एवढेच पुरते.

आता या मार्गातील खाचखळगे. लंडनहून डब्लिनला जाण्याचे तिकीट हे स्वतंत्र तिकीट असते. ते विमान उशिरा पोहोचले आणि डब्लिनचे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध राहत नाही; हजार-दीड हजार युरोंचे तिकीट हातातून जाऊ शकते. आदल्या दिवशी डब्लिनला पोहोचून रात्र काढणे हाच शहाणपणा, आणि त्या हॉटेलचा खर्च हिशेबात धरायचा. हा सारा हिशेब मांडल्यावर बचत दीडशे-दोनशे पौंडांची उरत असेल, तर वृद्धांना घेऊन ही धावपळ करू नये. हजाराची उरत असेल तर प्रश्न वेगळा.

दुसरा खळगा तिकिटाच्या क्रमाचा. आरंभ डब्लिनहून दाखवून प्रवाशाने लंडनलाच विमानात चढायचे म्हटले, तर ते चालत नाही. पहिला टप्पा चुकला की पुढचे सर्व टप्पे आपोआप रद्द होतात. परतीचा शेवटचा टप्पा सोडून मध्येच उतरणारे लोक आहेत, पण कंपन्यांना ते खपत नाही. ऑस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिॲटलला जाऊन आलेल्या एका प्रवाशाने परतताना फ्रँकफर्ट-ऑस्लो हा अखेरचा टप्पा सोडला, तेव्हा लुफ्तान्साने त्याच्यावर सुमारे २,१०० युरोंचा दावा ठोकला होता. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला, तरीही दावा होऊ शकतो एवढे त्यातून दिसले. शिवाय चेक-इन केलेली बॅग मध्ये उतरत नाही. ती ऑस्लोला जाते.

कोणता आठवडा, कोणती दिशा

इकॉनॉमीचे भाडे ज्या आठवड्यांत गगनाला भिडते, नेमक्या त्याच आठवड्यांत बिझनेस क्लास रिकामा राहतो. ऑगस्टमध्ये युरोपातील कार्यालये ओस पडतात. नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरच्या सुटीत बैठका होत नाहीत. अधिकारी घरी असतात, पर्यटक मागच्या आसनांवर दाटी करतात, आणि पुढच्या भागातील आसने विकण्यासाठी कंपन्या हात सैल सोडतात. या काळासाठीच्या बिझनेस क्लासच्या सवलती बहुधा कित्येक महिने आधी जाहीर होतात आणि थोडे दिवसच खुल्या राहतात. अशा वेळी इकॉनॉमी व बिझनेस यांतील अंतर इतके आकसते, की चार पैसे अधिक टाकून वरचा वर्ग घेणे अवास्तव वाटत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हे याच्या अगदी उलट. इकॉनॉमी स्वस्त, बिझनेस महाग.

दिशेचा विचार त्याहून कमी लोक करतात. युरोपहून अमेरिकेला जाणारी बहुतेक विमाने दिवसा उडतात, साडेसात-आठ तास घेतात आणि पोहोचतात तेव्हा तेथे दुपार असते. झोपेचा प्रश्नच येत नाही. परतीचे विमान संध्याकाळी निघते, पाठीमागून वारा असल्याने साडेसहा-सात तासांत पोहोचते आणि प्रवाशाची रात्र अर्धी कापून टाकते. पलंगाची गरज असते ती या परतीच्या रात्री. जाताना खालचा वर्ग आणि येताना बिझनेस, असे मिश्र तिकीट बहुतेक कंपन्या देतात, आणि पुष्कळदा त्याचे भाडे दोन्ही अर्ध्या भाड्यांच्या बेरजेइतकेच होते. ब्रिटनहून जाताना इकॉनॉमी घेतल्यास शुल्क २४४ ऐवजी १०२ पौंड पडते, आणि ब्रिटनमध्ये येणाऱ्या उड्डाणावर ते मुळीच नाही. दोघांच्या तिकिटावर केवळ शुल्कापोटी २८४ पौंड वाचतात. सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा हा मार्ग आहे.

कमी परिचयाच्या कंपन्या

मोठ्या तीन गटांच्या बाहेरही आसने आहेत. ला कॉम्पनी ही फ्रेंच कंपनी २०१४ पासून पॅरिस आणि नेवार्क यांच्या दरम्यान उडते. तिच्या ए-३२१निओ विमानात फक्त ७६ आसने असून सर्व बिझनेस क्लासची आणि पूर्ण सपाट होणारी. जेटब्लू ही अमेरिकी कंपनी २०२१ मध्ये लंडनला उतरली. तिच्या ‘मिंट’ वर्गात दारे असलेली २४ आसने आहेत. काही वेळा स्वस्त पर्याय भलत्याच देशाच्या कंपनीकडे मिळतो. एमिरेट्सची विमाने मिलान-न्यूयॉर्क आणि अथेन्स-नेवार्क या टप्प्यांवर, तर सिंगापूर एअरलाइन्सची फ्रँकफर्ट-न्यूयॉर्कवर केवळ त्या टप्प्यापुरतीही तिकिटे विकतात. याला हवाई करारांच्या भाषेत पाचवे स्वातंत्र्य म्हणतात. एअर इंडियाचे बोइंग ७०७ विमान मे १९६० मध्ये लंडनहून पुढे न्यूयॉर्कला जाऊ लागले, तो याच परंपरेतला एक जुना दाखला.

टॅपच्या तिकिटावर लिस्बन किंवा पोर्तोला काही दिवसांचा मुक्काम भाडे न वाढता करता येतो. ज्यांची कागदपत्रे, चुलत भावंडे किंवा वडिलोपार्जित आठवणी लिस्बनमध्ये आहेत, त्यांना या सवलतीचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही.

लहान कंपन्यांविषयी एक सावधगिरी इतिहासानेच शिकवली आहे. लंडनच्या स्टॅनस्टेड व ल्यूटन विमानतळांवरून केवळ बिझनेस क्लासची विमाने उडवणाऱ्या मॅक्सजेट, इऑस आणि सिल्व्हरजेट या तिन्ही कंपन्या डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत बंद पडल्या. मॅक्सजेट तर ऐन नाताळच्या तोंडावर. ज्यांनी ब्रिटिश क्रेडिट कार्डाने पैसे भरले होते, त्यांना १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचा आधार होता. १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही विक्रेत्याइतकीच उत्तरदायी ठरते. महागडे तिकीट डेबिट कार्डाने काढू नये, याचे कारण हे.

गुण, बोली आणि चुकलेली भाडी

फ्रीक्वेंट फ्लायर गुणांनी मिळणारे तिकीट फुकट असते, ही समजूत अटलांटिकवर फार महागात पडते. काही कंपन्या गुणांखेरीज ‘वाहकाचा अधिभार’ म्हणून शेकडो पौंड वसूल करतात. एव्हिऑस हे गुण ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एर लिंगस, फिनएअर आणि कतार एअरवेज या सर्वांकडे चालतात आणि एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतात. परंतु तेच गुण लंडनहून ब्रिटिश एअरवेजवर खर्च केले तर अधिभार भारी, आणि माद्रिदहून आयबेरियावर खर्च केले तर बराच हलका. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेने २०२० मध्ये असा अधिभार लावणे बंद केले. एअर फ्रान्स-केएलएमची फ्लाइंग ब्लू योजना दर महिन्याला काही मार्गांवर गुणांत सूट जाहीर करते. गुण साठवून ठेवणे हा मात्र तोट्याचा धंदा आहे. कंपन्या पूर्वसूचना न देता तिकिटाचे गुणमूल्य वाढवतात आणि जमा गुणांवर व्याज कोणी देत नाही.

इकॉनॉमी वा प्रीमियम इकॉनॉमीचे तिकीट घेतल्यावर वरच्या वर्गासाठी बोली लावण्याची सोय लुफ्तान्सा, एर लिंगस, टॅप इत्यादी कंपन्यांकडे आहे. बोली प्रत्येक प्रवाशामागे आणि प्रत्येक टप्प्यासाठी असते, हे घाईत अनेकांच्या ध्यानात येत नाही. दोघांच्या जाण्यायेण्याची रक्कम चौपट होते. मूळ भाडे आणि बोली मिळून सवलतीच्या बिझनेस भाड्यापुढे जात असेल, तर बोली लावण्यात अर्थ नाही. ज्यांना पलंग मिळालाच पाहिजे, त्यांनी हा मार्ग धरू नये. निकाल बहुधा प्रस्थानाच्या एक-दोन दिवस आधीच कळतो.

संगणकाच्या चुकीने हास्यास्पद स्वस्त भाडे झळकते, त्याची आशाही बेताचीच ठेवावी. फेब्रुवारी २०१५ मध्ये युनायटेडच्या संकेतस्थळावर डॅनिश क्रोनमध्ये लंडन-नेवार्कची वरच्या वर्गाची तिकिटे काही तास शंभर डॉलरांच्याही आत दिसत होती. हजारो लोकांनी ती घेतली, कंपनीने ती रद्द केली आणि अमेरिकेच्या वाहतूक खात्याने कंपनीच्या बाजूने कौल दिला. असे भाडे मिळाले तर तिकीट पक्के राहते की नाही हे कळेपर्यंत हॉटेल वा इतर काही राखून ठेवू नये.

याउलट त्याच खात्याचा एक नियम प्रवाशाच्या हिताचा आहे. अमेरिकेला जाणारे वा तेथून निघणारे तिकीट प्रस्थानाच्या सात दिवस किंवा अधिक आधी थेट विमान कंपनीकडून घेतले, तर कंपनीने चोवीस तास दंडाशिवाय रद्द करण्याची मुभा देणे किंवा पैसे न घेता तेवढा वेळ भाडे धरून ठेवणे बंधनकारक आहे. चांगले भाडे दिसले की घरातल्या सर्वांना विचारत बसण्याऐवजी आधी तिकीट काढावे आणि मग विचारावे, याला या नियमाचा आधार आहे. मध्यस्थाकडून घेतलेल्या तिकिटाला तो लागू होईलच असे नाही.

शोध, आणि शोधानंतर

शोधासाठी गूगल फ्लाइट्स पुरेसे आहे. त्यात वर्ग ‘बिझनेस’ असा निवडावा, निघण्याच्या रकान्यात लंडनसोबत डब्लिन, ऑस्लो, लिस्बन अशी अनेक शहरे एकाच वेळी घालावीत आणि तारखांचे कोष्टक उघडावे. कोणत्या आठवड्यात भाडे कोसळते ते डोळ्यांना दिसते. ज्यांना भाड्याच्या अटी व कप्प्याचे अक्षर पाहायचे असेल त्यांच्यासाठी आयटीए मॅट्रिक्स हे जुने साधन आहे. त्यावर तिकीट विकत मिळत नाही, नुसता अभ्यास होतो. खरेदी मात्र शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. वीस पौंड वाचवण्यासाठी अपरिचित मध्यस्थाकडे गेल्यास, उड्डाण रद्द झाले की कंपनी मध्यस्थाकडे बोट दाखवते आणि मध्यस्थ कंपनीकडे. भारतीय कार्डाने परकीय चलनात पैसे भरल्यास अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार आणि त्यावर वस्तू व सेवा कर लावतात, तोही बेरजेत धरावा.

भारतातून अमेरिकेला जाणाऱ्यांनी हा सारा खटाटोप जसाच्या तसा उचलू नये. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंतचे एकसलग तिकीट हे निराळ्या बाजारातले भाडे आहे, आणि आखाती कंपन्यांमुळे तेथील स्पर्धाही निराळी. मुंबई-लिस्बन आणि लिस्बन-नेवार्क अशी दोन स्वतंत्र तिकिटे केल्यास सामान घेऊन बाहेर यावे लागते, म्हणजे शेंगेन व्हिसा हवा. मधला मुक्काम मुळातच करायचा असेल, लिस्बनमध्ये बहीण किंवा लंडनमध्ये मुलगा असेल, तेव्हाच ही विभागणी फायद्याची ठरते.

शेवटची गोष्ट तिकीट हाती आल्यानंतरची. विमान ऐन वेळी बदलले आणि बिझनेस क्लासच्या प्रवाशाला मागे बसवले, तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार ३,५०० किलोमीटरहून लांबच्या उड्डाणावर त्या टप्प्याच्या भाड्याच्या ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत करावी लागते. युरोपहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या आणि युरोपात येणाऱ्या युरोपीय कंपनीच्या उड्डाणाला तो नियम लागू आहे. ब्रिटननेही संघ सोडल्यावर तो आपल्या कायद्यात कायम ठेवला. कंपनीचा कर्मचारी प्रवेशद्वारापाशी एखादे कूपन पुढे करतो, तेव्हा ते स्वीकारल्याची सही करण्याआधी ही टक्केवारी आठवावी, आणि मूळ वर्गाचा व बदललेल्या वर्गाचा असे दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवावेत.